हेलो प्लेट कशी लावायची आणि त्यात एसएसटी२ कसं वाचायचं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी कोणीतरी जी प्रोटीन (पेशीबाहेरचा निरोप आत पोचवणारं प्रोटीन) घेतं आणि दरवर्षी तेच होतं. पुस्तकातली ती गोल फिरणारी आकृती पाठ असते, जीडीपी गेला जीटीपी आला अल्फा सुटला, सगळं धडाधड सांगतात, आणि मग एक्स्टर्नल विचारतात की बरं, हे चालू झालं, बंद कोण करतं? की शांतता. माझ्या व्हायवालाही शांतताच होती म्हणून मी कोणाला हसत नाही. नंतर दोन वर्षं इथे मुंबईतच एका लॅबमध्ये यीस्ट पोसलं तेव्हा कळलं की बंद करणारं प्रोटीन, म्हणजे एसएसटी२, काढून टाकलं तर काय होतं ते साध्या पेट्री प्लेटवर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, ना लेझर लागतो ना रेडिओअ‍ॅक्टिव्ह काही. ते कसं करायचं तेच सांगते.

आधी थोडी थिअरी, नाहीतर प्लेट वाचता येणार नाही.

यीस्ट म्हणजे सॅकरोमायसीस, पावातलंच. त्याच्या हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशी दोन जातीच्या, ए आणि अल्फा. अल्फा पेशी अल्फा फॅक्टर नावाचं १३ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड बाहेर सोडतात, ए पेशींच्या अंगावर त्याचा रिसेप्टर असतो, स्टी२. (जीनचं नाव एसटीई, स्टेराइलवरून, पण लॅबमध्ये सगळे स्टी म्हणतात, मी पण तेच लिहिते.) रिसेप्टरला फॅक्टर चिकटला की आतलं जी प्रोटीन जागं होतं. त्याचे तीन तुकडे, अल्फा म्हणजे जीपीए१, बीटा म्हणजे स्टी४, गॅमा म्हणजे स्टी१८. इथेच निम्मी पोरं गोंधळतात कारण अल्फा हा शब्द तीन ठिकाणी येतो, अल्फा पेशी, अल्फा फॅक्टर आणि जी प्रोटीनचा अल्फा तुकडा, आणि तिन्हींचा एकमेकांशी नावापुरताच संबंध. म्हणून मी तुकड्याला कायम जीपीए१च म्हणणार.

आता महत्त्वाचं. आपण माणसाच्या जी प्रोटीनचं शिकतो तेव्हा बहुतेक वेळा अल्फा तुकडा पुढे जाऊन निरोप देतो. यीस्टच्या या रस्त्यात उलटं आहे, निरोप बीटा-गॅमाची जोडी देते आणि जीपीए१ तिला धरून ठेवतो. हे कसं कळलं? हॅप्लॉइड पेशीतून जीपीए१ काढून टाकलं तर सिग्नल बंद व्हायला हवा होता, प्रत्यक्षात पेशी फॅक्टर नसतानाही कायमची अडकून बसते, वाढतच नाही. म्हणजे धरणारा गेला आणि जोडी मोकाट सुटली. आणि स्टी४ काढलं तर उलट, कितीही फॅक्टर ओता, पेशीला ढिम्म फरक पडत नाही. व्हायवाला हे एवढं एक वाक्य नीट सांगितलंत तरी समोरचे खूश होतात.

मोकळी झालेली जोडी पुढे स्टी५ आणि स्टी२०ला पकडते, मग स्टी११, स्टी७, फस३ अशी कायनेजची, म्हणजे एकमेकांना फॉस्फेट लावून जागं करणाऱ्या एन्झाइमांची, रांग, शेवटी स्टी१२ जीन्स चालू करतं आणि फार१ पेशीला जी१ मध्ये थांबवतं. पेशी विभागायची थांबते आणि जोडीदाराच्या दिशेने नाक काढते, त्या आकाराला श्मू म्हणतात. आपल्याला आज यातलं एकच लक्षात ठेवायचंय, सिग्नल चालू असेल तर पेशी वाढत नाही. प्लेटवर दिसतं ते हेच, फॅक्टर लावलेल्या कागदाच्या डिस्कभोवती पेशी न वाढलेलं रिकामं वर्तुळ, त्यालाच हेलो म्हणतात.

मग बंद कसं होतं? जीपीए१ला जीटीपी चिकटलेला असतो तोपर्यंत जोडी मोकळी. जीपीए१ स्वतःच तो जीटीपी हळूहळू तोडून जीडीपी करतो आणि जोडीला परत धरतो. नवीन बिल्डिंगांमध्ये जिन्यात तो टायमरचा दिवा असतो ना, बटण दाबलं की लागतो आणि आपोआप विझतो, तसंच. फक्त या टायमरची सेटिंग फार सुस्त आहे. तिथे येतं एसएसटी२. ते टायमर पळवतं, जीपीए१ला चिकटून जीटीपी तोडायचं काम कित्येक पट वेगात करून घेतं. बटणाला ते हात लावत नाही, दिवाही फोडत नाही, फक्त विझायची वेळ अलीकडे आणतं. अशा प्रोटीनांना आरजीएस (रेग्युलेटर ऑफ जी प्रोटीन सिग्नलिंग) म्हणतात आणि एसएसटी२ हे त्या घराण्यातलं सगळ्यात आधी हाती लागलेलं. १९८२ साली रसेल चॅन आणि कॅरल ओट्टे यांनी फेरोमोनला (म्हणजे अल्फा फॅक्टरसारख्या, जोडीदाराला बोलावणाऱ्या रसायनाला) अतिसंवेदनशील असे यीस्टचे म्युटंट शोधले, सुपरसेन्सिटिव्ह म्हणून एसएसटी. पण ते नक्की काय करतं हे कळायला नव्वदचं दशक उजाडलं, तोवर प्राण्यांमध्येही तसलीच प्रोटीनं सापडली होती. माणसात अशी वीसेक आहेत. त्यातलं आरजीएस९ आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतं, ते बिघडलं तर माणूस एकदम उजेडात आला की काही सेकंद त्याला दिसेनासं होतं, कारण सिग्नल वेळेत विझत नाही. सहज आठवलं म्हणून सांगितलं.

आणि गंमत म्हणजे फेरोमोन आला की एसएसटी२चा जीन पण जोरात चालू होतो. म्हणजे सिग्नल स्वतःच स्वतःचा ब्रेक बनवतो. म्हणून नॉर्मल पेशी काही तासांनी सावरते, जोडीदार आलाच नाही तर गप परत वाढायला लागते. हे सावरणं प्लेटवर दिसतं, पुढे येतेच त्यावर.

आता प्लेट.

पहिली चूक स्ट्रेनमध्ये होते. कोणीतरी हुशारी करून वाण्याकडून किंवा बेकरीतून यीस्ट आणतं आणि हेलो येत नाही म्हणून रडतं. अहो, पावाच्या यीस्टमध्ये साधारण दोन्ही जातींचे जीन एकाच पेशीत असतात आणि अशी पेशी फेरोमोनला दादच देत नाही. तिचं लग्न आधीच झालंय. तुम्हाला हॅप्लॉइड ए जातीचा लॅब स्ट्रेनच पाहिजे, बहुतेक ठिकाणी बीवाय४७४१ असतो, आणि त्यातले डिलीशन असलेले भाऊबंद. कमीत कमी चार ट्यूब गोळा करा: साधा, एसएसटी२ नसलेला, बार१ नसलेला, आणि स्टी२ किंवा स्टी४ नसलेला. शेवटचा कंट्रोल, त्याला हेलो यायलाच नको. पाचवा म्हणजे बार१ आणि एसएसटी२ दोन्ही नसलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि फ्रीझरमधल्या डब्यावर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका, पीसीआर करून खात्री करा. आमच्याकडे एका ट्यूबवर मार्करने लिहिलेला एक पुसून सात झाला होता आणि त्यात माझे तीन आठवडे गेले.

बार१ कशाला मध्येच? कारण ब्रेक दोन आहेत. ए पेशी बार१ नावाचं प्रोटीएज बाहेर सोडतात, ते अल्फा फॅक्टर बाहेरच्या बाहेर कापून टाकतं. एसएसटी२ पेशीच्या आत काम करतं, बार१ बाहेर. दोन्हींपैकी कुठलंही काढलं तरी हेलो मोठाच येतो. म्हणजे नुसता मोठा हेलो दाखवून तुम्ही आरजीएसबद्दल काहीही सिद्ध केलेलं नाही, हे ध्यानात ठेवा, अख्ख्या लेखातलं हे एक वाक्य विसरू नका. म्हणून शक्य असेल तर तुलना कायम बार१ नसलेल्या पेशींमध्ये करा, एकात एसएसटी२ आहे आणि एकात नाही. बाहेरचा ब्रेक दोन्हीकडे नाही, मग जो फरक उरतो तो आतला.

रात्री प्रत्येक स्ट्रेन वायपीडीत लावा, म्हणजे १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लुकोज, ३० अंशांवर हलवत ठेवा. सकाळी ओडी बघा, म्हणजे किती गढूळ झालंय त्यावरून पेशी किती ते. प्लेट आधीच ओतून वाळवलेली हवी, २ टक्के आगर. जुलै-ऑगस्टमध्ये इथे प्लेटा वाळतच नाहीत, झाकणावर थेंब जमून थेट लॉनवर (प्लेटभर उगवलेल्या पेशींच्या थरावर) पडतात आणि हेलोच्या जागी खड्डे दिसतात, म्हणून पावसात दोन दिवस आधी ओता आणि उलट्या ठेवा. फ्रिजमधून काढल्या तर लगेच वापरू नका, घाम फुटतो त्यांना.

मग ०.७ टक्के आगरचं मीडियम वितळवा, ४५ ते ५० अंशांपर्यंत गार होऊ द्या. हाताच्या मागच्या बाजूला ट्यूब लावून सहन झाली की बरोबर, हे आमच्या लॅबच्या मामांनी शिकवलं, थर्मामीटरपेक्षा भरवशाचं आहे. ४ मिलि मऊ आगरात साधारण पाच लाख पेशी घाला, दोन्ही हातात गोल फिरवा, फेस येऊ न देता, आणि प्लेटवर ओता. हा पेशींचा आकडा सगळ्या प्लेटांना एकच ठेवायचा, यात आळस केला तर पुढचं सगळं वाया. कारण पेशी जास्त पडल्या तर लॉन लवकर दाट होतं, त्यातला बार१ पण जास्त आणि हेलो उगाच लहान येतो. मी पहिल्यांदा ओडी न बघता अंदाजाने घातल्या होत्या, हेलोचा फरक इतका मस्त आला की मी सरांना फोटो पाठवला, आणि तो सगळा पेशींच्या संख्येचा फरक निघाला.

आता डिस्क. अँटिबायोटिकच्या रेडीमेड मिळतात, नाहीतर व्हॉटमन कागद घ्या आणि ऑफिसमधल्या पंचिंग मशीनने टकाटक भोकं पाडा, पडलेल्या टिकल्या साधारण ६ मिमीच्या असतात, ऑटोक्लेव्ह करून वाळवल्या की झालं. प्रिन्सेस स्ट्रीटला एका दुकानात याच टिकल्यांचे विचारले होते मला चांगले पैसे, तेव्हापासून पंचिंग मशीनच.

अल्फा फॅक्टरचा स्टॉक १ मिलिग्रॅम प्रति मिलि करा, म्हणजे साधारण ०.६ मिलिमोलर, डीएमएसओत. छोट्या छोट्या ट्यूबांत वाटून उणे २० ला ठेवा आणि काचेच्या भांड्यात अजिबात ठेवू नका, पातळ केलेलं पेप्टाइड काचेला चिकटून बसतं आणि तुम्हाला वाटतं फॅक्टर मेला. पाच पाच पट पातळ करत जा आणि दर डिस्कवर ५ मायक्रोलिटर, म्हणजे ५, १, ०.२ आणि ०.०४ मायक्रोग्रॅम. एक डिस्क नुसत्या डीएमएसओची. साध्या स्ट्रेनला वरचे आकडे लागतात, एसएसटी२ नसलेल्याला खालचेच पुरतात, आणि दोन्ही नसलेल्या डबल म्युटंटला तर ५ मायक्रोग्रॅमची डिस्क लावलीत की हेलो प्लेटच्या कडेपर्यंत जाऊ शकतो आणि मोजायला काहीच उरत नाही, त्याला ०.०४ च्याही खाली उतरा. दोन मोठे डोस शेजारी शेजारी ठेवू नका, हेलो एकमेकांत घुसतात.

फॅक्टर विकत घ्यायला कॉलेजकडे पैसे नसतील, आणि नसतातच, तर अल्फा जातीच्या पेशींचा एक ठिपका लॉनवर ठेवा. त्या स्वतः फॅक्टर सोडतात आणि अतिसंवेदनशील लॉनवर भोवती हेलो येतो. कडेला लॉनशी त्यांची लग्नं लागतात त्यामुळे कड जरा गचाळ दिसते आणि आकडे काढता येत नाहीत, पण आहे की नाही एवढं बघायला चालतं.

३० अंशांवर ठेवा. आता कधी बघायचं? सगळे म्हणतात दोन दिवसांनी. मी म्हणते २४ तासांनी पण बघा आणि ४८ ला पण, आणि दोन्ही वेळा फोटो काढा, खाली काळा कागद ठेवून, बाजूला पट्टी ठेवून. कारण खरी गोष्ट या दोन फोटोंच्या मधे आहे. साध्या पेशींचा हेलो २४ तासांनी बऱ्यापैकी स्वच्छ असतो आणि ४८ ला धुरकट होतो, आतून भरत येतो, ट्यूबलाइटपुढे धरलीत तर साईसारखा पातळ थर दिसतो. त्या पेशी आहेत ज्या अडकल्या होत्या आणि सावरल्या. एसएसटी२ नसलेल्यांचा हेलो मोठा तर असतोच पण काचेसारखा साफ राहतो, कड चाकूने कापल्यासारखी, कारण ब्रेकच नाही तर सावरणार कुठून. व्यास सगळेच मोजतात. हा धुरकटपणा कोणी लिहून ठेवत नाही, आणि माझ्या मते वाचायची गोष्ट तीच आहे.

व्यास मोजताना डिस्कचे ६ मिमी वजा करायचे की नाही ते एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच करा. ग्राफ काढताना आडव्या अक्षावर डोसचा लॉग घ्या, मग ठिपके साधारण सरळ रेषेत येतात. एसएसटी२ नसलेल्यांची रेषा डावीकडे सरकलेली दिसेल, म्हणजे तेवढाच हेलो यायला शंभर किंवा त्याहून जास्त पट कमी फॅक्टर पुरतो. शंभर पट! एका प्रोटीनने.

साफ हेलोच्या आत कधी कधी सुट्या गोल कॉलनी दिसतात. आमच्या बॅचमधल्या एकीने त्या कंटॅमिनेशन म्हणून सगळ्या प्लेटा टाकून दिल्या होत्या. नका टाकू. काळी किंवा हिरवी केसाळ असेल तर ती बुरशी, पावसाळ्यात ती येणारच, तिला नमस्कार करा आणि प्लेट टाका. पण पांढरी, गुळगुळीत, यीस्टसारखीच असेल तर बहुधा ती नवीन स्टेराइल म्युटंट आहे, म्हणजे तिच्यात स्टी४ किंवा स्टी११ असा पुढचा कुठलातरी जीन आपोआप बिघडलाय आणि म्हणून तिला फॅक्टर ऐकूच येत नाही. ती उचलून वेगळ्या प्लेटवर लावा, परत हेलो करून बघा, येणार नाही. फुकटात मिळालेलं जेनेटिक्स आहे ते.

आता दोन ब्रेक वेगळे ओळखायची युक्ती, डबल म्युटंट मिळाला नाही तरी ही करता येते. बार१ नसलेल्या पेशींचं लॉन घाला, मध्ये डिस्क, आणि डिस्कपासून साधारण एक सेंटीमीटरवर टूथपिकने साध्या ए पेशींची जाड रेघ ओढा. रेघेच्या पलीकडे हेलो चेपलेला येतो, चंद्राची एक बाजू खाल्ल्यासारखा, कारण रेघेतल्या पेशींनी सोडलेल्या बार१ने तिकडे जाणारा फॅक्टर कापला. शेजाऱ्याचा बार१ उसना मिळतो. बार१ हे नाव बॅरियरवरूनच आलंय. दुसऱ्या प्लेटवर एसएसटी२ नसलेल्या पेशींची रेघ ओढा, तरी हेलो चेपतो, म्हणजे त्यांचा बार१ ठणठणीत आहे आणि त्यांची भानगड आतली आहे. तिसऱ्यावर बार१ नसलेल्यांचीच रेघ, काही होत नाही. एसएसटी२ शेजाऱ्याकडून उसनं मिळत नाही कारण ते पेशीच्या बाहेर येतच नाही. या तीन प्लेटा शेजारी ठेवून फोटो काढलात तर रिपोर्टमध्ये दोन पानं कमी लिहावी लागतात.

मोठा हेलो खरंच एसएसटी२मुळेच आहे ना, याची शेवटची खात्री म्हणजे प्लास्मिडवर (पेशीत वेगळा घालता येणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यावर) एसएसटी२ परत द्या, हेलो लहान व्हायला हवा. गरजेपेक्षा जास्त दिलं तर साध्या पेशींपेक्षाही लहान होतो. सोबत रिकामा प्लास्मिड घातलेला कंट्रोल ठेवाच, आणि प्लास्मिड टिकवायचा असेल तर वायपीडी नाही, सिलेक्टिव्ह मीडियम.

पुढे जायचं असेल तर जीपीए१चा एक म्युटंट आहे, ३०२ नंबरच्या ग्लायसीनच्या जागी सेरीन. त्यात एसएसटी२ जागेवर असतं, पण जीपीए१ त्याला दाद देत नाही, आणि पेशी अगदी एसएसटी२ नसल्यासारखी वागते. ब्रेक आहे पण चाकाला लागत नाही. हा स्ट्रेन मिळाला तर प्लेटवर लावा, हेलो तसाच मोठा येईल, आणि मग तुम्ही ठामपणे म्हणू शकता की एसएसटी२ जीपीए१वरच काम करतं. तसंच स्टी२ रिसेप्टरची आतली शेपटी कापली तरी पेशी अतिसंवेदनशील होते, कारण एक तर तो रिसेप्टर नीट आत ओढला जात नाही आणि दुसरं म्हणजे एसएसटी२ त्याच शेपटीला धरून पडद्याजवळ उभं असतं. एवढा खोलात जायला वेळ नसेल तर सोडून द्या.

आकडे हवे असतील तर फस१-लॅकझेड रिपोर्टर (सिग्नल चालू झाला की रंग देणारं एन्झाइम बनवणारा जीन) वापरा, फेरोमोन देऊन दीड तास, मग ओएनपीजी घालून पिवळा रंग ४२० नॅनोमीटरला मोजायचा. सोडियम कार्बोनेटने सगळ्या ट्यूबांची रिअ‍ॅक्शन थांबवायची आणि वेळ मिनिटात लिहायची, सेकंदाचं नाटक नको. मायक्रोस्कोप असेल तर त्याहून सोपं, फॅक्टर देऊन दोन तासांनी २०० पेशी मोजा, कळी नसलेल्या किती, श्मू किती. मग सेंट्रिफ्यूज करून फॅक्टर धुऊन टाका आणि दर अर्ध्या तासाने परत मोजा. साध्या पेशींना पटापट कळ्या यायला लागतात, एसएसटी२ नसलेल्या तशाच नाक काढून बसलेल्या असतात. मोजण्याआधी ट्यूब चांगली व्होर्टेक्स करा, गुठळ्या असल्या की काहीही आकडे येतात.

व्हायवाला हमखास येणारा उपप्रश्न, यीस्टमध्ये आरजीएस एकच का? नाही. ग्लुकोज ओळखणारा वेगळा रस्ता आहे, त्यात जीपीए२ नावाचा अल्फा तुकडा आणि त्याचा टायमर पळवणारं आरजीएस२. त्याचा फेरोमोनशी संबंध नाही आणि तुमच्या हेलोवर त्याने फरक पडायला नको. कोणी विचारलंच तर तेवढं सांगा आणि गप्प बसा, नाहीतर पुढचा प्रश्न सायक्लिक एएमपीवर येतो.

प्लेटा टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा, लॉन पांढरंशुभ्र आणि निरुपद्रवी दिसलं तरी. आणि फोटोचं नाव ठेवताना तारीख, स्ट्रेन, डोस आणि किती तासांनी काढला हे त्याच वेळी घाला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोला तेच ते आकड्यांचं नाव असतं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कुठला हेलो कुणाचा हे देवालाही सांगता येत नाही.